ब्रायर पाइपांची तारीख कशी वाचावी? एका चुकीच्या कार्डाच्या निमित्ताने

घरोघरच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आपल्या मंडळाने भरवलं, तेव्हा तिसऱ्या टेबलावर पितळी अडकित्ते, तपकिरीच्या डब्या आणि एक गुडगुडी यांच्या शेजारी एक तंबाखूचा पाइप ठेवला होता. काळपट लाल लाकूड, दांडीला चांदीचं कडं, तोंडाची नळी पिवळट पडलेली. खाली कार्ड होतं : ‘इंग्लिश ब्रायर पाइप. बार्लिंग, लंडन. 1932-33.’ ते कार्ड मी लिहिलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

पाइप टिळकवाडीतल्या एका घरातून आला होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली हकिकत अशी : पणजोबा इथल्या कलेक्टर कचेरीत चिटणीस होते (बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात), आणि पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाने जाताना आपला पाइप त्यांना दिला. पणजोबांनी तो कधी ओढला नाही. देवघराच्या वरच्या फळीवर तो कापडात गुंडाळून असे. मी भिंग लावून चांदीचं कडं पाहिलं. त्यावर चालता सिंह, नांगर आणि ‘एच’ हे अक्षर. सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचं अ‍ॅसे ऑफिस, आणि बर्मिंगहॅमच्या 1925 पासून सुरू झालेल्या आवर्तनात ‘एच’ म्हणजे 1932 च्या जुलैपासून 1933 च्या जुलैपर्यंतचं वर्ष. मी त्या घरच्या काकांना सरळ सांगून टाकलं, “काका, तुमची हकिकत जुळत नाही. युद्ध संपलं 1918 ला. हा पाइप त्यानंतर चौदा वर्षांनी झालाय.” काकांचा चेहरा उतरला, पण ते एवढंच म्हणाले, “असेल हो. म्हातारी माणसं काहीबाही सांगत असतात.”

माझं चुकलं कुठे ते पुढे सांगतोच. पण माझी चूक ही नुसती माझी नव्हती. इंग्लिश ब्रायर पाइप जमवणाऱ्यांची जी काही शिस्त गेल्या तीस-चाळीस वर्षांत तयार झाली आहे, तिने शिकवलेलीच ती चूक होती. मी स्वतः अकरा पाइप बाळगून आहे (ओढत नाही, आमच्या घरी निपाणीच्या तंबाखूच्या वासाने आधीच सगळ्यांना पुरेसं झालं होतं). तेव्हा ही टीका बाहेरच्याची नाही, घरातल्याची आहे.

आधी वस्तू काय आहे ते बघू या. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावर वाढणारं एक झुडूप, एरिका आर्बोरिया. त्याच्या बुंध्याशी जमिनीखाली एक गाठ धरते. त्या गाठीचं लाकूड दाट असतं, लवकर जळत नाही, आणि धुराची ओल शोषून घेतं. कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, अल्जीरिया इथल्या टेकड्यांवरून या गाठी खणून आणायच्या, ओलसर ठेवायच्या, ठोकळे कापायचे, ते कित्येक तास पाण्यात उकळायचे आणि महिनोन्‌महिने सावलीत सुकवायचे. मग कातकाम. हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या ज्यूरा डोंगराच्या कुशीतल्या सेंट क्लोड गावात रुजलं. त्याआधी इंग्लंडचा माणूस मुख्यतः पांढऱ्या मातीचा पाइप ओढत होता. तो स्वस्त आणि तितकाच लवकर फुटणारा. पैसेवाला असेल तर मीरशॉम.

मग ‘इंग्लिश’ ब्रायर पाइप म्हणजे नक्की काय इंग्लिश? लाकूड भूमध्याचं. हुन्नर पुष्कळसं ज्यूराचं : कोमॉय हे सेंट क्लोडचंच घराणं, त्यातला आंरी कोमॉय 1879 मध्ये लंडनला आला. जीबीडी या तीन अक्षरांमागची गानेव्हाल, बाँदिए, दोनिंगर ही माणसं पॅरिसची. तोंडाची नळी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, आणि रबर तर इंग्लंडच्या मातीत उगवतच नाही. राहिलं काय? शेवटचा हात, पॉलिश, आणि मोहर. ‘मेड इन लंडन, इंग्लंड’ ही अक्षरं दांडीवर उमटली की पाइप इंग्लिश झाला. याचा अर्थ लंडनच्या कारागिरांनी काही केलं नाही असा नाही. त्यांचा शेवटचा हात फार सुंदर होता. माझं म्हणणं एवढंच, की मोहर जी गोष्ट सांगते ती मोहर मारण्याच्या क्षणाची असते. तिच्या आधीचं आणि नंतरचं ती सांगत नाही.

हे लक्षात ठेवून जमवणाऱ्यांची पद्धत पाहिली की तिची ताकद आणि तिचा आंधळेपणा एकाच जागी दिसतात.

ताकद आधी, कारण ती खरी आहे. डनहिलचं उदाहरण घ्या. आल्फ्रेड डनहिलने 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं, 1910 पासून स्वतःचे पाइप करायला लागला. नळीच्या वरच्या बाजूचा तो प्रसिद्ध पांढरा ठिपका 1912 चा. पाइप बसवताना नळीची वरची बाजू कुठली हे कळावं म्हणून तो आला आणि पुढे घराण्याची खूण होऊन बसला. वाळूचा मारा करून खडबडीत केलेला ‘शेल’ पाइप 1917 चा. डनहिल आपल्या पाइपांवर वर्षभराची हमी देत असे, आणि हमी मोजायला सोपं जावं म्हणून दांडीवर एक बारीकसा आकडा ठोकला जाई. तो आकडा आज जमवणाऱ्यांचं पंचांग झाला आहे. ‘5’ असा आकडा असेल तर तो 1925 असू शकतो, 1945 असू शकतो, 1955 सुद्धा असू शकतो. बाकीची मोहर कशी आहे, पेटंट क्रमांक आहे की नाही, आकडा केवढा आणि कुठे आहे, हे पाहून ठरवावं लागतं. जॉन लॉरिंग यांचं ‘द डनहिल ब्रायर पाइप : द पेटंट इयर्स अँड आफ्टर’ हे 1998 चं पुस्तक या कामातला मोठा टप्पा. एका कारखान्याच्या मोहरा एवढ्या चिकाटीने लावणं सोपं नाही. आपल्याकडे नाणी लावणारे जसे एकेका टांकसाळीचा माग काढत जातात, त्याच जातीचं हे काम आहे.

पण पुस्तकातलं लोक काय उचलतात? कोष्टक. आकडा बघितला, कोष्टकात बोट ठेवलं, वर्ष मिळालं, कार्ड लिहिलं. खरं म्हणजे डनहिलचाच पुरावा याच्या विरुद्ध जातो. काही पाइपांवर असे दोन आकडे एकाशेजारी एक सापडतात. वाटी एका वर्षी कातली, पाइप पुरा होऊन बाहेर पडला दुसऱ्या वर्षी. म्हणजे कारखान्यालाच माहीत होतं की आपल्या वस्तूला एकच जन्मतारीख नाही. जमवणाऱ्याला मात्र एकच तारीख हवी असते, कारण विकताना एकच लागते.

आता चांदीकडे येऊ, कारण माझी चूक तिथली. इंग्लंडचा हॉलमार्क ही अतिशय भरवशाची गोष्ट आहे, यात वाद नाही. अ‍ॅसे ऑफिस म्हणजे चांदीचा कस लावणारी कचेरी. लंडनची खूण बिबट्याचं मुख, बर्मिंगहॅमचा नांगर, चेस्टरच्या गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार (चेस्टरची कचेरी 1962 मध्ये बंद झाली). वर्षाचं अक्षर दरवर्षी बदलतं. पण ते एक जानेवारीला बदलत नसे. लंडनचं मे महिन्यात बदले, बर्मिंगहॅमचं जुलैत. सगळ्यांचं अक्षर एकाच दिवशी, एक जानेवारीला, बदलायला लागलं ते 1975 पासून. म्हणजे ‘1911 चा हॉलमार्क’ असं म्हणताना आपण खरं तर दोन इंग्रजी वर्षांवर पाय ठेवून उभे असतो. लंडनचं आवर्तन तेव्हा वीस अक्षरांचं असे. तेच अक्षर वीस वर्षांनी पुन्हा येई, फक्त वळण आणि चौकट बदले. झिजलेल्या कड्यावर ही चौकट वाचणं म्हणजे झिजलेल्या शिवराईवरचं अक्षर वाचण्यासारखंच. आणि ज्याला चांदी परवडत नसे त्याच्यासाठी निकेलची कडी मिळत. त्यांच्यावर हॉलमार्कसारखी दिसणारी, पण कशाचाच अर्थ नसलेली नक्षी असे. नवखा माणूस तिच्यावरूनही वर्ष काढतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. ‘एच’ मी बरोबर वाचला. चांदी 1932-33 मध्येच तपासली गेली. चूक पुढच्या पायरीवर झाली : चांदीची तारीख मी पाइपला लावली.

पाइप ही एक वस्तू दिसते, पण असते तीन वस्तूंची जोडणी. वाटी आणि दांडी एकाच लाकडाची. दांडीवर कडं, असलंच तर. आणि नळी. यातली नळी सगळ्यांत आधी जाते. दात लागून भोक पडतं, उन्हाने व्हल्कनाइट हिरवट-पिवळं होतं, पडून तुटते. मग नवी नळी. तिच्यावर ठिपका असेल तर तो ठिपका नळीचा, पाइपचा नव्हे. पांढऱ्या ठिपक्याच्या नळ्या भलत्याच वाट्यांना बसवून खपवलेल्या असतात हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यानंतर जाते दांडीचं तोंड. नळी घट्ट बसली, कुणी ओढून पिरगाळली, की दांडीला चीर जाते. यावर इलाज काय? चिरेवर चांदीचं कडं चढवायचं. आपल्याकडे तडा गेलेल्या काठीला सोनार चांदीची फेर घालतो, तसंच. म्हणजे पाइपवरचं कडं दोन कारणांनी आलेलं असू शकतं : कारखान्यात दागिना म्हणून, नाहीतर दुरुस्तीच्या दुकानात मलम म्हणून.

आणि मलम असेल, तर त्यावरचा हॉलमार्क पाइपच्या जन्माबद्दल अक्षरशः काहीही सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की दुरुस्ती 1932 च्या जुलैआधी झालेली नाही. कडं दुकानदाराच्या डबीत दहा वर्षं पडून असेल, तर दुरुस्ती 1942 ची. पाइप त्याआधीचा, पण किती आधीचा ते कडं सांगणार नाही.

टिळकवाडीचा पाइप नेमका असाच होता. प्रदर्शनासाठी आपल्या मंडळाच्या एका सभासदाने प्रत्येक वस्तूचे जवळून फोटो काढले होते. पुढे सात-आठ महिन्यांनी एका वेगळ्याच कामासाठी ते फोटो मी संगणकावर मोठे करून पाहत होतो. दांडीच्या डाव्या बाजूवर कमानीत ‘बार्लिंग्ज’ आणि खाली ‘मेक’ अशी मोहर आहे. पण ‘बार्लिंग्ज’ची शेवटची दोन अक्षरं दिसत नाहीत. ती झिजलेली नाहीत, कड्याखाली गेलेली आहेत. शेवटच्या दिसणाऱ्या अक्षराचा अर्धा पाय कड्याच्या कडेने कापला गेलाय. कुठला कारखाना आपलंच नाव स्वतःच्या हाताने चांदीखाली झाकेल? दुसरा फोटो दांडीच्या तोंडाचा. त्यात एक केसासारखी काळी रेघ आतपर्यंत गेलेली. चीर. आणि तिसरी गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकायला हवी होती. बार्लिंग हे मूळचं चांदीकाम करणारं घराणं. मीरशॉमच्या पाइपांना चांदीची बांधणी करता करता ते पाइपच्या धंद्यात आलं. त्यांच्या चांदीवर त्यांचीच ‘ईबी, डब्ल्यूबी’ ही अक्षरं असतात. या कड्यावर दुसऱ्याच कुणाची अक्षरं होती. ती मी वाचली होती, वहीत उतरवूनही घेतली होती, आणि ‘बाहेरून चांदी घेतली असेल’ असं मनाशी म्हणून सोडून दिली होती. वर्ष हातात आल्यावर माणूस बाकीचा पुरावा वर्षाला जुळवून घेतो.

तर मग पाइप कधीचा? बार्लिंगची ही कमानीची मोहर 1962 पर्यंत दशकानुदशकं चालत आली. ते युद्धाच्या सुमारास चालू होतं आणि 1932 लाही. पणजोबांच्या हकिकतीला मोहरेचा विरोध नाही, पाठिंबाही नाही. म्हणजे हकिकत जिथे होती तिथेच उभी आहे, आणि तिला खाली पाडणारा पुरावा कधी नव्हताच. तो मी तयार केला होता.

आता या सगळ्यात जमवणाऱ्यांच्या शिस्तीचा दोष कुठे? मोहर कड्याखाली जाते की नाही ते बघा, हे अनुभवी जमवणारे सांगतात, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण ते सांगतात ते किंमत पाडण्याची खूण म्हणून. ‘दुरुस्तीचं कडं’ म्हटलं की पाइप खालच्या प्रतीत जातो, आणि त्यावर पुढे कुणी बोलत नाही. मला विचाराल तर बोलायला सुरुवात तिथून व्हायला हवी. एखाद्याने मोडलेला पाइप फेकला नाही, चांदी घालून जपला, याचा अर्थ तो त्याला प्रिय होता. पाइप महाग होता म्हणून, की देणारा लक्षात होता म्हणून? टिळकवाडीच्या घरात न ओढलेल्या पाइपला चीर कशी गेली, हा प्रश्नसुद्धा उरतोच. कुणी तरी पोराने गुपचूप ओढून पाहिला असेल! पण कोष्टकात या प्रश्नाला रकाना नाही.

दुसरा दोष विभागणीचा. बार्लिंगचे पाइप दोन जातींत मोडले जातात, ‘स्थित्यंतरापूर्वीचे’ आणि ‘स्थित्यंतरानंतरचे’. 1960 च्या सुमारास घराण्याने कंपनी विकली, 1962 मध्ये मोहर बदलली, म्हणून. शराटनचे ‘लेनपूर्व’ आणि ‘लेनकाळचे’, कारण 1960 च्या सुमारास हर्मन लेन या अमेरिकन व्यापाऱ्याने कंपनी घेतली. सासिएनीचे ‘घराण्याच्या काळातले’, म्हणजे 1979 पर्यंतचे. ही सगळी विभागणी मालकीची आहे. मालक बदलला त्या सोमवारी कातावर तोच माणूस बसला होता, त्याच्याजवळ त्याच सुकवलेल्या ठोकळ्यांची थप्पी होती. कामाची प्रत पुढे खरंच उतरली असेल, पण ती लाकडाच्या पुरवठ्याने, माणसं गेल्याने, घाईने उतरते, विक्रीपत्रावरच्या सहीने नव्हे. पाइप कातणाऱ्या एकाचंही नाव यात येत नाही. पेशवाईचा इतिहास फक्त पेशव्यांच्या वस्त्रांच्या तारखांवर लिहावा तसं हे आहे. आपण तसा लिहीत होतोच की एकेकाळी.

इथे मला मातीच्या पाइपांवरचं काम आठवतं. पुरातत्त्ववाले मातीच्या पाइपांचे तुकडे खणून काढतात, त्यांतल्या बहुतेकांवर मोहर नसते. मग त्यांनी काय केलं? अमेरिकेत जे. सी. हॅरिंग्टन यांनी 1954 मध्ये दाखवून दिलं, की नळीच्या भोकाचा व्यास काळाबरोबर लहान होत गेला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात एक इंचाच्या चौसष्ट भागांपैकी आठ-नऊ, तर अठराव्याच्या उत्तरार्धात चार. पुढे लुइस बिनफर्ड यांनी त्याचं सूत्र बसवलं. त्या सूत्रावर नंतर पुष्कळ टीका झाली ती सोडा. पद्धत बघण्यासारखी आहे. हॅरिंग्टन यांचा हिशेब एका तुकड्याचा नसतोच, एका जागेवर सापडलेल्या पुष्कळ तुकड्यांचा असतो. एकटा तुकडा हातात घेऊन ‘हा 1680 चा’ असं म्हणायची तिथे सोयच नाही. ब्रायरवाल्यांकडे उलट परिस्थिती : मोहर आहे म्हणून एकटा पाइप बोलतोय असं वाटतं, आणि पाइप कुठल्या घरातून, कुठल्या गावातून, कशाबरोबर आला हे कुणी लिहून ठेवत नाही. मातीचा तुकडा खणला त्याची जागा नोंदली जाते. देवघराच्या फळीवर शंभर वर्षं असलेल्या पाइपची जागा कुणी नोंदत नाही.

गंमत म्हणजे आल्फ्रेड डनहिल स्वतः या वेडाचा नव्हता. त्याचं ‘द पाइप बुक’ हे 1924 चं पुस्तक चाळून बघा. जगभरची माणसं तंबाखू कशाकशातून ओढतात, हे त्याला सांगायचं आहे. मातीचे पाइप, दगडाचे, पाण्याचे, आपल्याकडच्या हुक्क्यासारखे सुद्धा. त्यातल्या बहुतेक वस्तूंवर कुणाची मोहर नाही. ज्याच्या ठिपक्यावरून आज किंमती ठरतात, तो माणूस निनावी वस्तू पाहत बसला होता.

आपल्या मंडळातल्या लोकांना हे फार सोपं आहे, म्हणून तर माझी चूक मला जास्त टोचते. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आहे म्हणून ती शिवाजी महाराजांच्या काळातली, असं आपण कुणाला म्हणू देत नाही. तीच अक्षरं पुढे कित्येक वर्षं पडत राहिली हे आपण नवख्याला पहिल्या दिवशी सांगतो. बंगालमधला कंपनीचा रुपया शाह आलमच्या एकोणिसाव्या वर्षाचाच राहिला, प्रत्यक्षात तो पडत होता पुढच्या शतकात. मोडी सनदेची नक्कल हातात आली, तर मूळ कागदाची मिती वेगळी आणि नक्कल केल्याची वेगळी, हे आपण विचारतो. मग चांदीच्या कड्यासमोर मी हा प्रश्न का विचारला नाही? मला वाटतं, इंग्रजी मोहरेचा दरारा. एवढी पद्धतशीर कचेरी, एवढं व्यवस्थित अक्षर, ते खोटं कसं असेल? ते खोटं नव्हतंच. मी त्याला भलताच प्रश्न विचारला होता. आणि दुसऱ्या बाजूला होती एका घरातली ऐकीव गोष्ट, मराठीत सांगितलेली, तारखेशिवाय. दोन्ही समोरासमोर आल्यावर मी कुणाच्या बाजूने निकाल देणार हे आधीच ठरलेलं होतं.

अशाच कोष्टकांतून निघणारा आणखी एक नियम सांगून टाकतो, कारण तो आपल्या भागातल्या वस्तूंना सर्रास लावला जातो. ‘इंग्लंड’ असा शब्द असेल तर वस्तू 1891 नंतरची, नसेल तर आधीची. याचं मूळ अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यात आहे. तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, असा तो दंडक. आता अमेरिकेला न जाता मुंबईच्या बंदरात उतरलेल्या मालावर ते नाव असलंच पाहिजे असं कुठे आहे? नाव आहे म्हणजे नंतरचा, हे बरंचसं चालेल. नाव नाही म्हणजे आधीचा, हे अजिबात चालणार नाही. पाइपच नव्हे, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतून निघणाऱ्या चिनी मातीच्या बशा, कात्र्या, वस्तरे, सगळ्यांनाच हे लागू आहे.

आता घासण्याबद्दल. जुना पाइप बाजारात आणायचा म्हणजे तो आधी ‘नवा’ करतात. वाटीच्या आत साठलेला कोळशाचा थर खरवडायचा, मीठ आणि स्पिरिट घालून वास काढायचा, नळीवरचे दातांचे व्रण भरून घासून टाकायचे, कापडाच्या फिरत्या चाकावर लाकूड चकाकवायचं, वर कार्नोबा मेण. दिसतो झकास. पण वाटीच्या काठाचा एका बाजूचा जळका डाग माणूस कुठल्या हाताने काडी लावायचा ते सांगतो, नळीवरचे व्रण तो पाइप तोंडात कुठे धरायचा ते. फिरतं चाक मोहरेच्या कडाही खातं. ज्या मोहरेच्या जिवावर सगळी विद्या उभी आहे, ती मोहरच दर धुण्याला थोडी पुसट होते, आणि तेच लोक पुढे ‘मोहर पुसट’ म्हणून किंमत पाडतात.

फोटो पाहिल्यावर मी टिळकवाडीला गेलो. काका घरीच होते, त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, आधी माफी मागून. त्यांनी आतून पाइप आणला. चकचकीत. नळी काळीभोर. “तुम्ही म्हणालात ना तो काही पणजोबांचा नव्हे, मग पुतण्याने मुंबईला एकाकडून करून आणला. विकायचा म्हणत होता,” काका म्हणाले. मी भिंग काढलं. ‘बार्लिंग्ज’ची मधली दोन-तीन अक्षरं अजून लागतात. कड्याला टेकलेलं अर्धं अक्षर नाही. चीर मेणाने आणि रंगाने बुजवलेली. न वापरता शंभर वर्षं पडून राहिल्याच्या ज्या काही खुणा वाटीच्या आत असतील, त्या मी प्रदर्शनाच्या वेळी बघितल्याच नव्हत्या. आता तिथे स्वच्छ खरवडलेलं लाकूड आहे. पणजोबांनी तो खरंच कधी ओढला नाही का, हे आतल्या थरावरून थोडंफार तरी सांगता आलं असतं.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, “मग आता पोरांना काय सांगू?” मी म्हटलं, पूर्वी सांगत होतात तेच सांगा, आणि हेही सांगा. पाइप विकायचं त्यांनी रहित केलंय.

मंडळाच्या संग्रहात त्या पाइपचे चार फोटो आहेत आणि जुनं कार्ड आहे. जुनं कार्ड फाडू नये असं मला वाटतं, त्यावर आडवी रेघ मारून तारीख घालावी. नवं कार्ड मी असं लिहिलं आहे : ‘ब्रायर पाइप. मोहर बार्लिंग, लंडन. पाइपचा काळ 1962 पूर्वीचा. दांडीवर दुरुस्तीचं चांदीचं कडं, बर्मिंगहॅम 1932-33. कडं मोहरेची शेवटची अक्षरं झाकतं, फोटो क्र. 2 पाहा. घरातील हकिकत : पहिल्या महायुद्धानंतर परत जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून चिटणिसांना भेट. प्रदर्शनानंतर पाइप घासून पॉलिश केलेला आहे. घासण्यापूर्वीची स्थिती फक्त फोटोंत.’

कार्ड मोठं झालंय, टेबलावर मावणार नाही असं चिटणीस म्हणतात (आपल्या मंडळाचे चिटणीस). दोन ओळी कमी करायच्या असतील तर कुठल्या, ते येत्या बैठकीत ठरवू.